कार्यालयीन ईमेलच्या वापराबाबत सूचना

सर्व सहकाऱ्यांना नमस्कार,

येत्या सोमवारपासून पुढील नियम विभागप्रमुखांसह सर्वांना लागू होतील.

- १० एमबीपेक्षा मोठी फाइल मेलला जोडू नये. सामायिक फोल्डरमध्ये ठेवून लिंक पाठवावी. मेलमधून जाताना फाइलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो.
- ‘सर्वांना उत्तर’ हा पर्याय नुसते ‘मिळाले, धन्यवाद’ कळवण्यासाठी वापरू नये.
- संध्याकाळी ७ ते सकाळी ९ या वेळेत आलेल्या मेलला लगेच उत्तर देणे बंधनकारक नाही. त्यासाठी कोणालाही जाब विचारला जाणार नाही. रात्री लिहिलेला मेल सकाळीच जाईल अशी वेळ लावून ठेवावी. आमच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. खरोखर तातडीचे काम असेल तर फोन करावा.
- खासगी मेल जेवणाच्या सुटीत पाहायला हरकत नाही.

दिवसाला किती मेल पाठवावेत, याचा आकडा मुद्दाम ठरवलेला नाही. ग्राहकांशी रोज पत्रव्यवहार करणाऱ्यांना आणि हिशेब पाहणाऱ्यांना एकच मर्यादा लावणे अन्यायाचे होईल.

हरकती गुरुवारपर्यंत प्रशासन विभागाकडे लेखी द्याव्यात. त्यांवर शुक्रवारी दुपारी ४ वाजता बैठकीच्या खोलीत चर्चा होईल. प्रत्येक विभागातून किमान एकाने यावे.

– प्रशासन विभाग