दोऱ्याचं खालचं टोक

सोलापूर,
रविवार, दुपारचे तीन

प्रिय दोस्ता,

काय बे, कसा आहेस? हे सगळं फोनवर सांगून टाकलं असतं, पण फोनवर तू मधेच "हां हां, कळलं" म्हणतोस आणि तुला काही कळलेलं नसतं. म्हणून लिहायला बसलोय. बाहेर ऊन असं तापलंय की गल्लीतली कुत्री रिक्षांच्या खाली शिरून पडलीत. ही झोपलीय, पोरगा क्लासला गेलाय, पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय. पत्र लिहायला याहून चांगली वेळ नाही.

तर विषय असा, की मी मासा बघितला. हसू नकोस. चाळीस वर्षं आपण गळ टाकतोय, हिप्परग्याच्या तलावात टाकला, उजनीच्या धरणात टाकला, पण मासा आमिष तोंडात घेताना तू कधी बघितलायस? मीही नव्हता बघितला. आपल्याला दिसतो तो वर ओढून काढलेला, तडफडणारा. त्याच्या आधी खाली काय चालतं ते फक्त बोटाला कळतं, असं आपण समजत होतो. तुझे अण्णा गिरणीची पाळी सुटली की आपल्याला सायकलच्या दांड्यावर बसवून हिप्परग्याला न्यायचे, आठवतं? पेंडीचा गोळा, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणि उजव्या हाताची तर्जनी. "बोट खोटं बोलत नाही रे," म्हणायचे. अण्णा देवमाणूस होते, पण दोस्ता, बोट खोटं बोलतं. लई खोटं बोलतं. तेच सांगायला हे पत्र.

गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या आग्रहाने मालवणला गेलो. मिरज, कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली. प्रवासाचं काही सांगत नाही, घाटात पोरगा दोनदा ओकला एवढंच. दुसऱ्या दिवशी सगळे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला. तोंडावर काचेचा मास्क, तोंडात नळी, पोटावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं. पोहणं आपल्याला नवीन नाही, पण मला पहिली अडचण आली ती मिशीची. मास्कची रबरी कड ओठावर बसते, तिथे मिशी असली की फट राहते आणि पाणी आत झिरपतं. नाकात खारं पाणी गेलं आणि मी असा खोकलो की मेव्हणा म्हणाला, दाजींना वर घ्या. बोटवाल्या काकांनी शांतपणे व्हॅसलीनची डबी काढली आणि मिशीला चोपडायला लावली. फट बंद. मग काचेला आतून थुंकी लावून धुवायला सांगितली, म्हणजे धुकं धरत नाही. पन्नाशी उलटल्यावर चारचौघांत काचेवर थुंकायला जरा कसंतरी वाटतं, पण उपाय पक्का.

आणि ती नळी! हातात घेतल्याबरोबर मला पपईचा देठ आठवला. पाचवीत होतो बहुतेक. पोकळ देठ तोंडात धरून आपण पाण्याखाली लपायचो, आणि तू दोन देठ एकात एक घालून लांब नळी केलीस, खोल बसायला. श्वासच येईना. तू म्हणालास जोड गळतोय, मी म्हणालो देठ किडका आहे, त्यावरून मारामारी. तर ऐक, जोड गळत नव्हता. दोन-तीन फुटांवरसुद्धा पाणी छातीवर एवढं दाबतं की वरची हवा आत ओढायला फासळ्यांना जोर पुरत नाही. शिवाय नळी लांब असली की आपणच सोडलेली हवा तिच्यात राहते आणि तीच परत आत येते. म्हणून या नळ्या फूट-सव्वा फुटाच्या वर करत नाहीत. त्या मारामारीत तू माझा शर्ट फाडला होतास. हिशोब अजून बाकी आहे.

किल्ल्याजवळ खाली मासेच मासे. मी वर येऊन काकांना विचारलं, इथे गळ टाकू का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं देवळात कुणी चपला घालून शिरावं. म्हणाले, "थंय गरवूचा नाय." तो सगळा भाग सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. मग माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, उद्या पहाटे या, हद्दीबाहेर माझ्या नेहमीच्या खडकावर नेतो. तिकडे गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात. मला शब्द फार आवडला. आपलं 'गळ टाकणं' म्हणजे फेकून दिल्यासारखं वाटतं.

पहाटे मी एकटाच गेलो. ही म्हणाली, वय बघा. बघितलं आणि गेलो.

आता नीट वाच. बोटीतून गरवणं ते रोजच करतात. मी म्हणालो, मला पाण्यात उतरून, मास्क लावून, खाली बघत गरवायचंय. ते जरा घुटमळले. मग अटी घातल्या. दोरा मनगटाला किंवा बोटाला गुंडाळायचा नाही, फक्त चिमटीत धरायचा. मोठा मासा लागून पळाला तर दोरा सोडून देता आला पाहिजे, नाहीतर बोट कापलं जातं किंवा माणूस ओढला जातो. कमरेला छोटी सुरी, गुंता झाला तर कापायला. पाण्यात उतरताना गळाचं टोक बुचात खुपसलेलं, खाली सोडायच्या वेळीच काढायचं. आणि बोटीपासून लांब जायचं नाही, कारण पालथ्या माणसाला येणारी दुसरी बोट दिसत नाही आणि बोटवाल्याला पालथा माणूस दिसत नाही. शेजारी एक लाल डबा तरंगत ठेवला, मी तिथे आहे हे कळावं म्हणून. दोरा प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला, अर्धा मिलिमीटरचा तंगूस, टोकाला शिशाची छोटी गोळी आणि गळाला कोळंबीचा तुकडा. झालं सामान. अण्णांच्या पिशवीत याहून जास्त काही नसायचं.

खाली तीन पुरुष पाणी असेल. पाणी तसं गढूळसरच, पण तळ दिसत होता. मी कोळंबी सोडली. ती हळूहळू डोलत खाली गेली आणि खडकापासून हातभर वर थांबली. लगेच काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या बारक्या माशांची झुंड आली. तळहाताएवढे सुद्धा नाहीत. आणि दोस्ता, बोटाला टकटक सुरू झाली! तीच आपली टकटक. हिप्परग्याला जी आली की अण्णा "थांब थांब, मोठा आहे, चाखतोय" म्हणायचे आणि आपण श्वास धरून बसायचो, तीच. वर बोट थरथरतंय आणि खाली मला स्वच्छ दिसतंय की हे चिल्लर आहे, कोळंबीचे धागे तोडतंय, गळ यांच्या तोंडात मावणारसुद्धा नाही. आयुष्यातले किती रविवार आपण चिल्लरसाठी श्वास धरला असेल?

दुसऱ्यांदा आमिष लावून सोडलं. चिल्लर पुन्हा जमली, आणि अचानक सगळी बाजूला झाली. खडकाच्या कपारीत मला आधी दगडच वाटला होता, तो हलला. तपकिरी, अंगावर ठिपके, जाड ओठ. गोबरा मासा. तो काही झडप घालत नाही. सावकाश पुढे आला, कोळंबीपासून वीतभर अंतरावर थांबला, कल्ले हलवत बघत राहिला. म्हातारा माणूस हॉटेलात बिल वाचतो ना, तसा. मग त्याने तोंड उघडलं आणि कोळंबी आत गेली. चावली नाही, पकडली नाही. पाण्यासकट आत ओढली, आपण गरम चहाचा भुरका मारतो तशी. आणि लगेच बाहेर थुंकली! पुन्हा ओढली, पुन्हा थुंकली. माझं सगळं लक्ष बोटाकडे. बोटाला काही नाही. शून्य. गळ माशाच्या तोंडात दोनदा जाऊन आला आणि तर्जनी म्हणतेय सगळं शांत आहे.

मी पाण्यातच हसलो आणि नळीत पाणी घेतलं.

तिसऱ्या वेळी त्याने ओढली, तोंड मिटलं आणि कपारीकडे वळला. वळला तेव्हा कुठे दोरा जरासा ताणला. मी हिसका द्यायला गेलो, आपला तो हिप्परगा स्टाईल, खांद्यापासून. कोळंबी त्याच्या तोंडातून निसटून माझ्याच मास्कसमोर आली. वरून काकांचा आवाज, "तुमका दिसता मां? मगे घाय कित्याक करतास?" मला दिसत होतं, तरी हात चाळीस वर्षांच्या सवयीनेच चालला.

तो परत येईल असं वाटलं नव्हतं. अर्ध्या तासाने आला, की त्याचा भाऊ आला कोण जाणे. या वेळी मी बोटाला सुट्टी दिली. डोळ्यांनी बघितलं. पहिला भुरका, दुसरा, मग तोंड मिटून मान वळली, तेव्हा हिसका नाही, नुसता दोरा घट्ट केला. बसला! आणि मग मात्र थांबायचं नसतं. गोबरा गळ लागल्याबरोबर कपारीत शिरतो, अंग फुगवून अडकून बसतो, मग दोरा खडकावर घासून तुटतो. मी हातावर हात टाकत ओढला. खडकापासून सुटल्यावर तो माझ्याभोवती गोल फिरला आणि सैल दोऱ्याचे दोन वेढे माझ्या पायात घातलेल्या रबरी पंख्यांना बसले. त्या क्षणी खरंच घाबरलो. पाय हलवावा तर गळ ओढला जातो, न हलवावा तर आपण खाली. काकांनी बांबू पुढे केला, मी धरला, त्यांनी एका हाताने दोरा सोडवला. सुरी वापरावी नाही लागली, पण कमरेला ती का लावली होती ते कळलं.

खाली असताना तो मला किलो-सव्वा किलोचा वाटला होता. बोटीत घेतला तर चपलेएवढा. काका म्हणाले, सगळ्यांचंच होतं. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू पाऊण अंतरावर भासते आणि एक-तृतीयांशाने मोठी दिसते. म्हणजे पाण्याखाली प्रत्येक जण भिगवणला मासे विकणारा. तिथे मासा जेवढा सांगतात तेवढा कधी असतो?

सोडून दिला मी तो. पुण्यात बसून तू डोक्याला हात लावशील, माहिती आहे. पण काकांनी सांगितलं की गोबरा आधी मादी असतो, वाढून मोठा झाला की नर होतो. म्हणजे एवढा बारका धरला तर मादीच धरली. त्यांनी ओल्या हाताने गळ काढला, पाण्यात सरळ धरला, आणि तो शेपटी मारून थेट त्याच कपारीत. संध्याकाळी बाजारातून तांबोशी विकत आणली, ती खाल्ली. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, ताटं पुसून निघाली.

सोलापूरला परत आलो आणि पहिल्याच रविवारी हिप्परग्याला गेलो. मास्क नेला होता बरं का, मालवणात विकत घेतलेला. पाण्यात डोकं घातलं. दोस्ता, चहात डोकं घातल्यासारखं. स्वतःची बोटं दिसेनात. उजनीचं तर विचारूच नकोस, मुळा-मुठेतून तुम्ही पुणेकर भीमेत जे काही सोडता ते सगळं तिथे येऊन बसतं. त्या पाण्यात मी डोकं घालणार नाही, गळही विचार करून घालतो. १८७१ सालचा हा हिप्परग्याचा तलाव, दीडशे वर्षं लोक याच्यात गळ टाकतायत, आणि आत काय चालतं ते एकालाही दिसलेलं नाही.

पण मला चैन पडेना. आपल्या पेंडीला रोहू, कटला तसंच करत असतील का? मग रात्री पोराच्या काचेच्या टाकीसमोर बसलो. त्यातला गोल्डफिश म्हणजे रोहू-कटल्याचाच कुळभाऊ. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, गळबिळ काही नाही, टोकाला पेंडीची ज्वारीएवढी गोळी दाबली आणि सोडली. वरचं टोक तर्जनीवर. मासा आला, गोळी आत ओढली, थुंकली. ओढली, थुंकली. सात वेळा मोजली मी. बोटाला कळली एकदा, तीही तो दोरा घेऊन वळला तेव्हा. मागे ही उभी होती. म्हणाली, "रात्रीचे बारा वाजलेत. मासा झोपू दे, तुम्हीपण झोपा."

म्हणून सध्या हिप्परग्याला मी टकटक आली की काहीच करत नाही. शेजारी बसलेले ओरडतात, "अहो, ओढा की!" मी ढिम्म. टकटक बंद होऊन सगळं गप्प झालं की तिथून पुढे लक्ष देतो, कारण चिल्लर बाजूला झाली म्हणजे कुणीतरी आलंय. मग दोरा जरासा तिरका सरकला की घट्ट करायचा, बस. तीन रविवारांत दोन रोहू आणि एक चिलापी. आणि चार वेळा गप्प म्हणजे खरंच गप्प निघालं, खाली कुणी नव्हतं, पेंड कधीच विरघळून गेली होती. ते शेजाऱ्यांना सांगितलेलं नाही.

अण्णांना हे सांगता आलं असतं तर काय म्हणाले असते? मला वाटतं ऐकून घेतलं असतं, आणि पुढच्या टकटकीला "थांब, चाखतोय" म्हणालेच असते.

सुट्टीत येतोयस ना? पहाटे पाचला निघू, उन्हाच्या आत परत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मी घेतो. तू लक्ष्मी रोडला जाशील तेव्हा त्या बाजूच्या दुकानातून चांगला तंगूस आण, माझा सगळा टाकीच्या प्रयोगानंतर पोराने पतंगाला लावलाय. शर्टही आण. चाळीस वर्षांचं व्याज लावलं तर दोन होतात.

तुझाच,
पाणकावळा
(हे नाव तूच ठेवलं होतंस, आता खरं झालं)