बिल यायच्या आधी बोल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मधेच ठेवलास त्याचा राग नाही. "आई, प्रश्न पैशांचा नाहीये," म्हणालीस आणि त्यानंतरचं सगळं बोलणं पैशांचंच केलंस, त्यावरून काय ते कळलं. फोनवर मी बोलायला लागले की तू नुसतं "हो हो" करतेस, म्हणून लिहिते आहे.

टीम जेवायला गेली. तू सॅलड आणि पाणी घेतलंस, बाकीच्यांनी स्टार्टर्स, दारू, गोड, सगळं मागवलं, आणि रात्री ग्रुपवर सगळ्यांना सारखाच आकडा आला. तू मुकाट्याने भरलास. पैसे गेले ते गेले. पण घरी येऊन तू काय खाल्लंस? ते सांगितलंच नाहीस.

सिलिअ‍ॅक आजाराचा रिपोर्ट एकटीने जाऊन आणलास, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलंस, स्वयंपाकघरातले डबे वेगळे केलेस. बाबा असते तर सगळ्या गोतावळ्याला फोन करून सांगत बसले असते. एवढी खमकी मुलगी चार सहकाऱ्यांसमोर "मला भूक नाही" म्हणते? गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेनमुळे तुझ्या लहान आतड्याला इजा होते, त्यावर गोळी नाही, जन्मभराचं पथ्य हाच उपाय, हे तूच मला समजावलंस. तळणाचं तेल एकच असलं तरी बाधतं म्हणालीस. मग ज्या ताटलीत सगळ्यांचे चमचे फिरले, ती "सगळ्यांसाठी" मागवलेली असली तरी तुझ्यासाठी नव्हतीच. तिचा वाटा तू का भरायचा?

आता जरा अकाउंट्सवालीचं ऐक. आमच्या सेक्शनमध्ये पार्टीची वर्गणी माझ्याकडे असायची. एक सहकारी होते, अल्सरचे पेशंट. जेवणभर मेनूकार्ड उलटसुलट करत बसायचे, आणि बिल आलं की शर्टाच्या खिशातून आधीच घडी करून आणलेल्या नोटा सगळ्यांत पहिल्या टेबलावर ठेवायचे. ती घडी बघवेना, म्हणून मी कागदावर तीन रकाने पाडायला लागले: सगळ्यांनी मिळून खाल्लेलं, ज्याचं त्याचं, आणि दारू. दारूचे पैसे पिणाऱ्यांतच वाटायचे. कर टक्क्यांनी लागतो, तेव्हा ज्याचं खाणं बिलाच्या चौथ्या हिश्श्याचं, त्याने करही चौथा हिस्सा द्यायचा. जेवण ऑफिसात मागवलं तर पोचवायचा खर्च मात्र माणशी सारखा, कारण तुझा डबा लहान म्हणून आणणाऱ्याची खेप काही लहान होत नाही. साहेब कुरकुरले, "एवढा हिशेब कशाला?" सगळ्यांत जास्त मागवणारे तेच, हे वेगळं सांगायला नको.

दादा परवा सांगत होता, उरी ग्नीझी नावाचे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी यावर प्रयोग करून २००४ साली छापलाय. सहा-सहा जणांना हॉटेलात जेवायला बसवलं. बिल सारखं वाटायचं ठरलं की लोक जास्त मागवत होते, आणि आधी विचारलं तर बहुतेकांना आपापलं बिल भरणंच पसंत होतं. म्हणजे त्या टेबलावर मनातून चरफडणारी तू एकटीच नसणार. तुझ्या टीममधला तो शाकाहारी मुलगा, ती शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली, त्यांना विचारून तर बघ. तिघं मिळून बोललात तर कुणी एक चिक्कू ठरत नाही.

आणि बोलायचं ते मागवायच्या आधी. बिल आल्यावर तोंड उघडलं की पैशांवरून वाजलं असंच दिसतं. "माझं वेगळं लिहा," एवढं पुरे, वेटरलाही आणि पैसे गोळा करणाऱ्यालाही. तुझा पदार्थ महाग पडला तर तो फरक मात्र तूच भर, इतरांवर टाकू नकोस. पण खर्च कंपनीचा असेल तर संकोच करायचा नाही. तुला सोसेल असं जेवण मागणं म्हणजे चोचले नव्हेत.

झालं माझं लेक्चर, माफ कर. लहानपणी चॉकलेटच्या वडीवर पट्टी ठेवून दादाचा आणि तुझा वाटा मोजायचीस, आणि तुझा तुकडा जरा आखूड आला की घर डोक्यावर घ्यायचीस. सुधाआत्या म्हणायची, ही वकील होणार. आत्यासुद्धा आयुष्यभर "मला चालतं" म्हणत राहिली आणि मग काय झालं ते तू पाहिलंस. असो, तो विषय नको.

जाणं बंद करू नकोस. लोकांत बसावं, फक्त उपाशी बसू नये. निघताना घरी दोन घास खाऊन निघ, पर्समध्ये काहीतरी ठेव. मागच्या फोटोत तुझी गळ्याची हाडं दिसत होती. वजन किती आहे? विचारणार नव्हते, पण विचारलं.

शुक्रवारी परत जेवण आहे ना? पैसे गोळा करतो त्याला आजच मेसेज टाक, आणि तेल वेगळं ठेवतात का ते हॉटेलात फोन करून विचार. दादाने तीन रकान्यांचा तक्ता करून पाठवलाय, उघडून बघ.

तुझी,
आई

ता. क. वजनाचं नाही सांगितलंस तरी चालेल. पण सांग.