चंद्रावरची माती आणाल, पण ती तपासणार कोण? अंतराळ खात्याच्या मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सा.न.वि.वि.

२३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा आम्ही सगळे डिपार्टमेंटमध्ये ढसाढसा रडलो होतो, आनंदाने. त्याबद्दल इस्रोचं आणि तुमचं अभिनंदन, ते अगदी मनापासून आहे. पण आज परत फेलोशिपच्या ऑफिसातून तेच ऐकवलं, फाईल वर गेलीय, पुढच्या महिन्यात फोन करा. दिवाळीच्या आधी जमा होईल असं ईमेलवर लेखी दिलं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, खातं तसंच आहे.

मी लोणारच्या विवरातल्या खडकांवर पीएचडी करते. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, उल्का आदळून झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसॉल्टच, त्यामुळे तिथे आघाताने खडकाचं काय झालं असेल ते आपल्या बुलढाण्यात हातात घेऊन बघता येतं. पण नमुने घासून स्लाईड करायला पैसे लागतात, मशिनचा वेळ विकत घ्यावा लागतो. रूमचं भाडं थकलंय, मेसवाल्या काकांना तोंड दाखवायची लाज वाटते, बाबा सोयाबीन पडत्या भावात विकून मला पैसे पाठवतात आणि वर मलाच विचारतात, पोरी जेवतेस ना नीट? तिशीला आलेल्या मुलीने बापाकडे अजून किती दिवस मागायचं हो?

चंद्रयान-१ ऑगस्ट २००९ मध्ये बंद पडलं. त्याच्यावरच्या एका यंत्राच्या डेटातून ध्रुवाजवळच्या सावलीत बर्फ असल्याचा थेट पुरावा मिळाला २०१८ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, आणि तो काढला हवाई अन् ब्राऊन विद्यापीठातल्या लोकांनी. यंत्र नासाचं होतं हे मान्य, पण यान आपलं होतं ना! अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली, त्यातली एक सीलबंद नळी २०२२ मध्ये उघडली, पन्नास वर्षांनी, कारण तिथे बघणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तयार केली. चीनने २०२४ मध्ये पलीकडच्या बाजूचीसुद्धा माती आणली. तुम्ही चंद्रावरून माती आणायच्या चंद्रयान-४ ला २,१०४ कोटी मंजूर केलेत, त्यातून दोन-तीन किलो येईल, तोपर्यंत माझ्यासारखी किती पोरं बँकेच्या परीक्षा देऊन निघून गेली असतील याचा हिशोब कुणी ठेवलाय का?

आणि हे फक्त चंद्राचं नाही. देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, वर्षानुवर्षं आकडा तिथल्या तिथेच. संशोधनाला पैसे देणाऱ्या नवीन 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'चे ५०,००० कोटी जाहीर केले, त्यातला मोठा वाटा खाजगी कंपन्या देणार म्हणे. कंपन्या लोणारच्या दगडाला पैसे देतील? लाँचच्या दिवशी सगळे नेते टीव्हीवर असतात, फेलोशिप रखडली की एकाचाही फोन लागत नाही. याचा राग येतो साहेब, खूप राग येतो.

थकलेली फेलोशिप व्याजासकट द्या, पुढची दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात टाका, आणि त्या २,१०४ कोटींतले किती रुपये माती तपासणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहेत ते येत्या अधिवेशनात सभागृहात उभं राहून सांगा.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी