प्रौढांच्या दहावीचे वर्ष दाखल्यापाशी बुडते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की ‘आई आणि मुलगा एकाच वेळी उत्तीर्ण’ अशी बातमी आपल्या वृत्तपत्रातही येते. ती यायलाच हवी. ती वाचूनच कितीतरी बायका-पुरुष वस्तीवरच्या वर्गात चौकशीला येतात. पण पुढच्या परीक्षेसाठी नाव कुठे आणि कधीपर्यंत नोंदवायचे, हे त्या बातमीत नसते. खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म पावसाळ्यातच ऑनलाइन भरायचा असतो. दिवाळीनंतर विचारत येणाऱ्याला बहुधा ‘आता पुढच्या वर्षी’ असेच सांगावे लागते. आणि पुढच्या वर्षी तो माणूस पुन्हा येईलच असे नाही.

खरी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची आहे. १७ नंबरसाठी मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाचवी-सातवीत शाळा सुटलेल्या बाईचा दाखला माहेरच्या गावी असतो, आणि तिथे एका दिवसात काम होत नाही. ‘माझा दाखला द्या’ एवढेच म्हणून शाळेत गेले तर जुनी रजिस्टरे कपाटात आहेत, पुढच्या आठवड्यात या, असे उत्तर मिळते. त्याऐवजी लेखी अर्ज न्यावा. त्यात वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव, पहिलीत नाव घातल्याचे अंदाजे साल, शाळा सोडल्याचे साल, आणि बरोबर शिकलेल्या भावंडाचे नाव लिहावे. भावंडाचा दाखला हाती असेल तर त्यावरचा जनरल रजिस्टर क्रमांक लिहावा. त्याच्या आसपासची पाने चाळली की नोंद लवकर सापडते. शाळाच बंद झाली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. हे सारे एप्रिल महिन्यात, शाळेला सुट्टी लागायच्या आधी सुरू केले तरच वेळेत होते.

दुसरा घोळ नावाचा. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. घाबरून काही जणी आधारच बदलायला धावतात आणि मग बँक, रेशन सगळीकडे नवी अडचण उभी करून घेतात. अर्जातले नाव दाखल्याप्रमाणे, स्पेलिंगसकट ठेवावे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवावी. जन्मतारखेतला फरक मात्र आधीच मिटवून घ्यावा. गुणपत्रिका हातात आल्यावर तो निस्तरणे फार जड जाते.

ज्यांच्याकडे दाखलाच नाही, त्यांनी हातपाय गाळू नयेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, आठवीचे प्रमाणपत्र नसले तरी स्वयंघोषणेवर दहावीला प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा लागतो. तिथे पाच विषय पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि एकदा पास झालेला विषय नोंदणीची पाच वर्षे जमा राहतो. रोजंदारीवर जाणाऱ्याला दोन-दोन विषय करत पुढे सरकता येते, ही फार मोठी सोय आहे. गणित तिथे सक्तीचे नाही. पण हे ऐकून हुरळून जाण्याआधी विचारावे, दहावी कशासाठी हवी आहे? आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचे असेल तर गणित-विज्ञान सोडून चालत नाही. विषय निवडताना हे कुणी सांगत नाही आणि पास झाल्यावर दार बंद दिसते. नवसाक्षरांच्या ‘उल्लास’ परीक्षेचेही असेच. तिचे प्रमाणपत्र मोलाचे आहे, पण ते हाती असले म्हणजे दहावीचा फॉर्म भरता येतो, हा गैरसमज सर्रास आढळतो.

आता शिकवण्याबद्दल, म्हणजे १७ नंबरने राज्य मंडळाच्या दहावीला बसणाऱ्यांच्या वर्गाबद्दल. वर्ग चालवणारे तरुण कार्यकर्ते उत्साहाने बीजगणिताच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतात. ते प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे. तिसऱ्या आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा होतो, कारण अडलेले असते ते ऋण संख्या आणि अपूर्णांकांत, समीकरणांत नव्हे. पहिला दीड महिना पाढे, अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारीला द्यावा. बचत गटाची वही समोर ठेवावी: शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे कळलेल्या बाईला अर्थनियोजनाचे प्रकरण परके वाटत नाही. मग सांख्यिकी, संभाव्यता, अंकगणिती श्रेढी, आणि शेवटी समीकरणे. क्रम बदलल्याने काही बिघडत नाही, परीक्षेत प्रश्न सगळ्याच प्रकरणांवर असतात.

इंग्रजीची धास्ती सर्वांत मोठी. तिथे उत्तीर्णतेचा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा: तिन्ही भाषांचे मिळून ३०० पैकी १०५ गुण आणि प्रत्येक भाषेत किमान २५. मराठी-हिंदीत पन्नास-पंचावन्नपर्यंत पोचणारा माणूस इंग्रजीत २५ वर तरून जातो. हे कळल्यावर उतारा, पत्र आणि सोपे व्याकरण एवढ्यावर लक्ष देता येते.

लिहिण्याचा सराव हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. भाषेचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. तोंडी सगळे येणारी माणसेही दीड तासात हात भरून आल्याने थांबतात. ऑगस्टपासून रोज एक पान, दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा सलग एक तास, जानेवारीत पूर्ण पेपर, आणि तोही घड्याळ लावून. चाळिशी ओलांडलेल्यांचे डोळे वर्ग सुरू होतानाच तपासून घ्यावेत. ‘डोक्यात शिरत नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी जणांना फक्त जवळचा चष्मा लागतो. आणि वेळ? धुणीभांडी करणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार सोयीचे, रिक्षावाल्यांना रात्री नऊनंतरचे. सगळ्यांसाठी संध्याकाळी सहाचा वर्ग ठेवला की तो कुणाच्याच सोयीचा राहत नाही. सहाला तर स्वयंपाकाची वेळ.

अंगणवाडीच्या पदांसाठी आता बारावीची अट आहे. त्यामुळे या वाटेने येणाऱ्या बायका वाढणारच. म्हणून शिक्षण खात्याकडे आमची मागणी अशी की अर्जाच्या काळात प्रत्येक तालुक्यातील निदान एका संपर्क केंद्राची, म्हणजे १७ नंबरची कागदपत्रे जमा करून घेणाऱ्या शाळेची, खिडकी आठवड्यातून दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडी ठेवावी. कागदपत्रे जमा करायला आज दिवसाची मजुरी बुडवावी लागते. दाखल्याची दुसरी प्रत अर्ज केल्यापासून किती दिवसांत मिळेल, हेही प्रत्येक शाळेने दर्शनी भागात लावावे.

आपल्यालाही एक विनंती आहे. यंदा निकालाच्या दिवशी आई-मुलाच्या बातमीशेजारीच एक चौकट छापावी: १७ नंबरच्या अर्जाच्या तारखा, लागणारी कागदपत्रे, आणि आपल्या जिल्ह्यातील संपर्क केंद्रांची नावे. तारखा जाहीर झाल्या नसतील तर त्या जाहीर होतील त्या दिवशी पहिल्या पानावर द्याव्यात.

आपले,
वस्तीवर प्रौढांचे दहावीचे वर्ग चालवणारे कार्यकर्ते, नाशिक