आपण बसायचो तो धोंडा

प्रिय मित्रा,

फोनवर परवाच्या भटकंतीचं धड सांगताच आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. ज्या दरीतून आपण इतक्यांदा गेलो, तीच त्या दिवशी पुन्हा पाहिली, पण सोबत हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या.

त्यांनी आधी एका उघड्या, गुळगुळीत खडकावर बाटलीतलं पाणी ओतलं. ओल्या दगडावर ओरखडे उठून दिसले, सगळे एका दिशेने, पट्टीने आखल्यासारखे. नख फिरवलं तर खाचेत अडकलं! नुसता बर्फ असे चरे पाडत नाही. त्याच्या तळाशी गोठून बसलेले खडे पॉलिशपेपरसारखे घासत जातात. पण बर्फ इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे, हे सहसा नुसत्या ओरखड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी बाईंनी शेजारची मेषशिला, म्हणजे बर्फाने घासून घडवलेला खडकाचा उंचवटा, दाखवली. बर्फ चढला ती बाजू घासून गुळगुळीत, आणि उतरला तिकडचे तुकडे उपटून निघालेले, सगळं खडबडीत. मी दोन्हीकडे हात लावून पाहिला. अंगावर काटा आला रे.

पुढे ओढ्याने कापलेल्या काठात हिमोढ, म्हणजे हिमनदीने टाकलेला दगडमातीचा ढीग, दिसला. पिठासारखी माती आणि डोक्याएवढे गोटे एकाच ढिगात कोंबलेले. नदी गाळ निवडून थर लावते; बर्फ मिळेल ते ओढतो आणि वितळला की तिथेच टाकतो.

आणि कुरणातला तो एकटा धोंडा, ज्यावर आपण तासन् तास बसायचो? तो ग्रॅनाइटचा आहे आणि खालचा सगळा खडक चुनखडीचा! इतकी वर्षं बसलो, पण हा प्रश्न कधी पडला नाही. असे धोंडे पुराने वाहून आणले, असंच पूर्वी बरेच जण मानत. 1815 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पेरोदाँ नावाच्या डोंगरी शिकाऱ्याने शार्पांतिए या भूवैज्ञानिकाला सांगितलं की ते हिमनद्यांनी आणलेत. त्याला तेव्हा पटलं नाही. पुढे तोच या मताचा झाला. 1837 मध्ये अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्याच न्यूशातेलच्या सभेत हिमयुगाची कल्पना मांडली आणि नाव त्याचं झालं. त्या शिकाऱ्याला मात्र फारसं कुणी ओळखत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तू आलास की आधी त्या खडकाकडे जाऊ. सकाळी लवकर निघावं लागेल. ऊन तिरपं असतानाच ओरखडे नीट दिसतात. पाण्याची बाटली मी घेतो.

तुझाच