एव्हरेस्ट बेस कॅम्प मदतनिधी ट्रेकमधील निवासव्यवस्थेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्वतंत्र खोलीसाठी घेतलेल्या जादा रकमेचा परतावा आणि माहितीपत्रकातील मजकुराची दुरुस्ती

महोदय,

आपल्या कंपनीने ऑक्टोबर महिन्यात नेपाळमध्ये नेलेल्या एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या मदतनिधी ट्रेकमध्ये मी सहभागी झाले होते. कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारांसाठी निधी उभारणे हा ट्रेकचा हेतू होता आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती मुक्काम कसे असतील याबद्दल आपण आम्हाला निघण्यापूर्वी जे लिहून दिले, त्याबद्दल.

आपल्या माहितीपत्रकात ‘संपूर्ण मार्गावर दोघांत एक खोली, खोलीला लागून स्वच्छतागृह, गरम पाणी आणि पुरेशी पांघरुणे’ असे छापले आहे. माझे वय अठ्ठावन्न असून झोप सावध आहे, म्हणून मी स्वतंत्र खोलीसाठी अकरा रात्रींचे १६,५०० रुपये वेगळे भरले. फाकडिंग आणि नामचे बाजार (३,४४० मीटर) या सुरुवातीच्या मुक्कामी हे वर्णन बऱ्याच अंशी खरे ठरले. नामचे सोडल्यावर मात्र टेंगबोचेपासून परतीच्या वाटेवरच्या फेरिचेच्या मुक्कामापर्यंत सलग सहा रात्री मला स्वतंत्र खोली एकदाही मिळाली नाही.

तिथल्या लॉजमालकांना मी दोष देत नाही. त्या उंचीवर जवळजवळ प्रत्येक वस्तू माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून येते. प्लायवूडच्या भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येणार, शेगडी फक्त जेवणघरात आणि तीही संध्याकाळपुरती याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर पेटणार, हे तिथे रीतीचेच आहे. गोरक्षेपला (५,१६४ मीटर) पहाटे सामायिक शौचालयात गेले, तेव्हा पिंपातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती आणि मगाच्या कडेने दोनतीनदा ठोकल्यावर खालचे पाणी हाती लागले. हे आधी सांगितले असते, तर मी त्या तयारीने गेले असते. पांघरुणे मिळणार म्हणून आपल्या सामानाच्या यादीत स्लीपिंग बॅगचा उल्लेखच नव्हता. ती मी नामचेला पदरचे पैसे घालून भाड्याने घेतली. बादलीभर गरम पाणी आणि फोनचे चार्जिंग यांचे पैसेही जागोजागी वेगळे मोजावे लागले, तेही पत्रकात कुठे नाही.

लोबुचेचा (४,९४० मीटर) प्रकार मात्र उंचीच्या नावावर खपवता येणार नाही. आम्हां सोळा जणांसाठी पाचच खोल्या राखून ठेवल्याचे तिथे पोहोचल्यावर कळले. ऑक्टोबर हा त्या वाटेवरचा ऐन गर्दीचा काळ असतो, हे आपल्यासारख्या अनुभवी कंपनीला ठाऊक नसावे असे मला वाटत नाही. आम्हां सहा जणींना जेवणघरातल्या भिंतीलगतच्या बाकांवर झोपावे लागले, आणि इतर पाहुण्यांची जेवणे आटोपेपर्यंत पाठ टेकता आली नाही. त्या बाकांवर एरवी वाटाडे आणि हमाल झोपतात. आम्ही तिथे पथाऱ्या पसरल्यावर ती माणसे कुठे झोपली, असे मी गटप्रमुखांना विचारले. त्याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

परतल्यावर आपल्या कार्यालयात फोन केला असता, ‘ट्रेक चांगल्या कामासाठी होता, थोडे समजून घ्या,’ असे सांगण्यात आले. देणगीदारांनी दिलेला पैसा रुग्णांसाठी होता. प्रवासाचा आणि खोलीचा खर्च मी माझ्या बचतीतून आपल्या कंपनीला दिला होता आणि त्याची पावती माझ्याकडे आहे. चांगल्या कामासाठी चालणाऱ्यांनी न मिळालेल्या खोलीचे पैसेही सोडून द्यावेत, ही अपेक्षा मला मान्य नाही.

तरी सहा रात्रींचे ९,००० रुपये आणि सोबत जोडलेल्या पावतीप्रमाणे स्लीपिंग बॅगचे भाडे मला परत मिळावे. ही रक्कम कंपनीच्या खात्यातून द्यावी, जमलेल्या निधीतून नव्हे. तसेच नामचेच्या वर स्वतंत्र खोलीची हमी देता येत नाही, स्वच्छतागृह सामायिक असते आणि स्लीपिंग बॅग आवश्यक आहे, हे पुढच्या गटाचे पैसे घेण्यापूर्वी पत्रकात स्पष्ट लिहावे. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

कळावे,

आपली विश्वासू,
ट्रेकमधील एक सहभागी, पुणे

सोबत : खोलीच्या जादा रकमेची पावती, स्लीपिंग बॅगच्या भाड्याची पावती, माहितीपत्रकाची प्रत