‘सिद्धांत’ छापताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘शास्त्रज्ञांनी नवा सिद्धांत मांडला’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत इतके रुळले आहे की ते आता कुणाला खटकत नाही. महिन्याभरापूर्वी सुचलेला, दुसऱ्या कुणी तपासलेलाही नाही असा तर्क हा ‘सिद्धांत’. आणि १८५९पासून जीवाश्म, शरीररचना, जनुके अशा सगळ्या बाजूंनी पारखली गेलेली उत्क्रांतीची मांडणी हाही ‘सिद्धांत’च. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे एक केंद्रीय राज्यमंत्री औरंगाबादेत म्हणाले होते की, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेले नाही, म्हणून डार्विन चूक. अशा विधानाला उत्तर द्यायला जावे तर आपले शब्दच आडवे येतात.

इंग्रजी बोलण्यातली ‘थिअरी’ म्हणजे नुसता अंदाज. त्यामुळे तिथे विज्ञानातली थिअरीही हलकी वाटते. मराठीचे दुखणे उलटे आहे. ‘सिद्धांत’ या शब्दाच्या पोटातच ‘सिद्ध’ बसलेले असल्याने साध्या तर्कालाही नको तेवढे वजन येते. दुसरीकडे ‘उत्क्रांतिवाद’ म्हटले की तो समाजवाद, गांधीवाद यांच्या पंगतीला जाऊन बसतो आणि पटला तर घ्या, असा होतो. खरे तर आपल्याकडे शब्दांची वानवा नाही. ‘उपपत्ती’ म्हणजे कारणांसह लावलेली संगती; त्यात सिद्ध झाल्याचा दावा नाही. आणि प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांत सिद्धांताचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतला चौथा ‘अभ्युपगम’: अजून न तपासलेली गोष्ट पुढच्या विचारासाठी तूर्त मान्य करणे. हायपोथिसिसची, म्हणजे परिकल्पनेची, याहून नेमकी ओळख करून देणे कठीण. मात्र हा शब्द मथळ्यात बसत नाही आणि जिभेवरही.

गणितात मात्र सिद्ध म्हणजे खरोखरच सिद्ध. तिथे प्रमेय आणि अटकळ यांच्यामध्ये भिंत आहे. देवळालीचे द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक घ्या. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची आणि उत्तराचे पुन्हा तेच करायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. २१११ घेतल्यास पहिलीच वजाबाकी ९९९ येते आणि करणारा अडतो, कारण ९९९ कसेही लावले तरी ९९९च. ती ०९९९ अशी लिहायची. मग ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पुढचे शून्य धरून अशा संख्या एकूण ९,९९०. त्या सगळ्या तपासता येतात, म्हणून इथे तपासणे हीच सिद्धता. गोल्डबाखची अटकळ १७४२ची: दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. संगणकाने ती ४ या अंकावर १८ शून्ये एवढ्या संख्येपर्यंत तपासली आहे, तरी ती अटकळच आहे, कारण सम संख्या संपत नाहीत. हा गणितज्ञांचा हेकटपणा नव्हे. गणितज्ञ पोल्या यांनी १९१९मध्ये मांडलेली एक अटकळ ९० कोटींपर्यंत बिनतक्रार चालते आणि ९०,६१,५०,२५७ या संख्येपाशी मोडते.

हीच कसोटी भूशास्त्राला लावली तर तिथे काहीच सिद्ध होणार नाही. घटना घडून गेलेली असते, पुन्हा घडवता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि भोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीतून आलेलाच खडक. त्यामुळे हे ज्वालामुखीचे तोंड असावे हा तर्क अगदी रास्त होता. उल्कापात हा दुसरा तर्क. गोल खड्डा दोन्ही तर्कांत बसतो, म्हणूनच तो दोघांपैकी कुणाचाच पुरावा नाही. निवाडा करायचा तर एकाला जमते आणि दुसऱ्याला जमत नाही अशी खूण हवी. ती विवराच्या तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकात मिळाली आणि १९७३मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नाव मॅस्केलिनाइट. बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाची न वितळताच काच झालेली असते. त्यासाठी क्षणार्धात सुमारे ३० गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ तीन लाख पट दाब लागतो. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते. असा धक्का नसतो. प्रश्न तिथे मिटला.

विवराच्या वयाचा वाद मात्र बाकी राहिला. उष्मादीप्तीच्या पद्धतीने, म्हणजे खडक तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून, ते सुमारे ५२ हजार वर्षे येते; आर्गॉनच्या पद्धतीने, म्हणजे खडकात किरणोत्सारातून साठलेला आर्गॉन वायू मोजून, सुमारे ५ लाख ७० हजार. बातमी नेमकी इथे घसरते. वयावरून मतभेद म्हणजे उल्कापातावरून मतभेद नव्हे. उत्क्रांतीतही एखादी शाखा कधी फुटली यावर अभ्यासक हमरीतुमरीवर येतात. शाखा फुटतात की नाही, यावर नाही.

‘नियम’ हा उपपत्तीहून वरच्या दर्जाचा असतो, हा समज पाठ्यपुस्तकांतून पसरलेला आहे. ओहमचा नियम विद्युतप्रवाह किती ते सांगतो, का ते नाही. आणि तापलेल्या बल्बच्या तारेला तो सरळ रेषेत लागूही पडत नाही. परिकल्पनेला बढती मिळून उपपत्ती आणि पुढे नियम, अशी काही शिडी नसते.

आता ‘गृहीतक’. शाळेच्या भूमितीत युक्लिडची गृहीतके म्हणजे सिद्धता न मागता मानायची विधाने. विद्यापीठात हाच शब्द हायपोथिसिससाठी येतो, म्हणजे तपासण्यासाठीच घेतलेल्या, खोटे ठरू शकणाऱ्या विधानासाठी. एका शब्दाचे दोन उलटे अर्थ, आणि त्याची फळे मराठीतल्या पीएच.डी. प्रबंधांत दिसतात. ‘ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण होणे गरजेचे आहे’ हे गृहीतक नव्हे, ती इच्छा आहे. ‘बचत गटांमुळे महिलांच्या जीवनावर परिणाम झाला आहे’ हे खोटे ठरूच शकत नाही. ‘तीन वर्षांहून अधिक काळ गटात असलेल्या महिलांमध्ये सावकाराकडून कर्ज घेणाऱ्यांचे प्रमाण नव्या सदस्यांपेक्षा कमी आहे’ हे मोजता येते आणि तोंडावर पडूही शकते. तरी त्यात एक खोच आहे: अडचणीतल्या महिला गट सोडून गेल्या असतील, तर उरलेल्यांचे चित्र आपोआपच बरे दिसेल. शिवाय प्रश्नावल्या भरून आल्यावर गृहीतके लिहिली, की शेवटच्या प्रकरणात ‘सर्व गृहीतके सत्य ठरली’ हे ठरलेलेच.

विधान आधी का लिहायचे, हे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५मध्ये चहाच्या कपावरून समजावले. एक बाई म्हणते, कपात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखते. आठ कप करायचे, चार असे, चार तसे. तिने दूध आधी घातलेले चार निवडायचे. तपासायची परिकल्पना: तिला काही ओळखता येत नाही. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत, म्हणून नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७०त १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. चारांपैकी तीन बरोबर आले तरी चालेल, असे म्हटले की तीच शक्यता ७०त १७, म्हणजे २४ टक्क्यांवर जाते. चालेल की नाही, हे कप ओतण्याआधी ठरवायचे असते. आणि परिकल्पना फेटाळता आली नाही म्हणजे ती खरी ठरली, असेही नाही. योगायोगाची शक्यता किती कमी असली की परिकल्पना फेटाळायची, ही रेषा विषयागणिक बदलते. सामाजिक शास्त्रांत ५ टक्क्यांवर भागते. २०१२मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने हिग्ज कण जाहीर करताना पाच सिग्मा मागितले, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता ३५ लाखांत सुमारे एक.

तेव्हा विनंती एवढीच. तपासणी व्हायची असेल तिथे ‘तर्क’ किंवा ‘परिकल्पना’ छापावे, पुराव्यांवर उभ्या राहिलेल्या मांडणीला ‘उपपत्ती’ म्हणावे, ‘प्रमेय’ गणितासाठी राखावे. आणि बातमी देणाऱ्या शास्त्रज्ञाला विचारावे: काय सापडले तर तुमचे म्हणणे चूक ठरेल? उत्तर मिळाले तर तेही छापावे. अडचण येईल ती स्ट्रिंग थिअरीपाशी, म्हणजे मूलकण हे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा आहेत असे मानणाऱ्या मांडणीपाशी. तिचा निवाडा करणारा एकही प्रयोग अजून झालेला नाही, तरी भौतिकशास्त्रज्ञ स्वतःच तिला थिअरी म्हणतात. तिथे ‘सिद्धांत’ लिहिल्याबद्दल वार्ताहराला दोष देणार नाही.

आपला,
संशोधनपद्धती शिकवणारा एक वाचक